एकवार, दोनवार

खिचडी वर्गात माझी निवड झाली ती मार्कांवर न्हाई, नकलेवर. हे मी आजवर ज्याला त्याला सांगत आलो अन् लोकांना वाटतं म्हातारा विनयानं बोलून राह्यलाय. विनय कशाचा? मार्क बेताचेच होते. जालन्यात कॉलेज नुकतंच निघाल्तं. एका जुन्या जिनिंगच्या गोदामात मधी भिंती घालून वर्ग पाडल्ते, अन् पावसाळी हवा पडली की बाकांना सरकीचा वास सुटायचा. प्राचार्य थत्तेसर पुण्याचे, शरीरशास्त्र शिकवायचे. त्यांच्या डोक्यात एक खूळ होतं. पहिल्या वर्षाची मोजकी पोरं निवडायची, आर्टसची अन् सायन्सची एकाच बाकावर बसवायची, अन् तीन विषयांच्या तीन सरांनी एकाच तासाला समोर बसून वर्षभर एकच गोष्ट शिकवायची. त्यांनी त्याला लांबलचक इंग्रजी नाव दिल्तं. गावानं त्याचं दोन दिवसांत खिचडी वर्ग करून टाकलं.

निवडीच्या दिवशी तिघं सर टेबलामागं बसल्ते. मधी थत्तेसर, एका बाजूला मराठीचे पिंपळेसर, दुसऱ्या बाजूला पदार्थविज्ञानाचे हाशमीसर. हाशमीसर हैदराबादेत शिकलेले, मराठी समजायची सगळी, पण बोलायचे आपल्या दख्खनीत. थत्तेसरांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं अन् इचारलं, "काय दिसतंय?" मी म्हणलं, लिंबाचं झाड. "एवढंच? आणखी कोणाला त्यात काय दिसेल?" मला काहीच सुचंना. पण आमच्या गल्लीतले हकीम काय म्हणले असते ते मला येत होतं. मी हकिमांच्या आवाजात सुरू झालो, दातून, पाला, खाज, खरूज. मंग लाकडाच्या वखारीवाला झालो अन् बुंध्याला डोळ्यानंच टेप लावला. मंग शाळेचे आमचे म्हातारे मास्तर झालो अन् सावलीवरून किती वाजले ते सांगितलं. बोलता बोलता गाडी रुळावरून कधी उतरली कळलं न्हाई, अन् शेवटचं वाक्य मी थत्तेसरांच्याच आवाजात, नाकातून, एकेक शब्द चिमट्यानं उचलल्यावाणी बोलून गेलो.

थत्तेसर म्हणाले, "माझी नक्कल करतोयस?"

"न्हाई सर. तुमच्यावाणी बोललं तर तुम्हाला बराबर समजंल म्हणलं."

हाशमीसरांच्या हातातला चहा बशीत सांडला. ते म्हणाले, "थत्तेसाब, लड़का बोलता कम है, बनता ज़्यादा है. ले लो इसको. एक की फीस में चार लोग बैठेंगे क्लास में."

असा मी घुसलो. संध्याकाळी घरी आलो तर आण्णा, म्हणजे माझे वडील, ओसरीवर सुशीला खात बसल्ते. भिजवलेले मुरमुरे, वर शेंगदाण्याचा कूट अन् कच्चा कांदा. मी सांगितलं, "आण्णा, त्या नव्या वर्गात माझं नाव लागलं." आण्णांनी तोंडात घास असतानाच मान हलवली अन् म्हणले, "बराबर." खूश झाले का, नुसतं ऐकलं म्हणून म्हणले, ते कळलं न्हाई. ताटली खाली ठेवायला गेले ती हातातून सुटली. मुरमुरे ओसरीभर उडाले. मी हसलो, मला वाटलं गंमत करून राह्यले. उजवीकडून तोंड खाली ओघळलं तवा मायनं हाक मारली.

आण्णांचा आवाज काय होता हे आता कुणाला सांगावं? ऐकलेली माणसंच उरली न्हाईत. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, चंपाशेठच्या अडतीवर ते हर्रास बोलायचे. आता सगळ्यांना लिलाव म्हणलं की कळतं, तवा हर्रासच म्हणायचे. टेंभुर्णी, वडीगोद्रीच्या गाड्या पहाटेच लागायच्या, शेतकरी ओट्यावर धान्याची रास ओतायचे, अन् राशीच्या मागं आण्णा उभे. पांढरं धोतर, गालात ज्येष्ठमधाची काडी. खरीददार गोल करून उभे राहायचे, भाव चढत जायचा, अन् चढायचा थांबला की आण्णा सूर लावायचे. "एकवार…" हा लांब, गाडीच्या चाकासारखा घरंगळत जाणारा. "दोनवार…" हा त्याच्याहून लांब, पण वर चढणारा. मंग ते थांबायचे. कानामागं खाजवायचे, ज्याचा माल आहे त्या शेतकऱ्याकडं बघायचे, ओठावरून जीभ फिरवायचे. ह्या थांबण्यातच सगळी करामत होती. ते थांबणं खरीददाराला सोसायचं न्हाई, कुणीतरी घाबरून भाव वाढवायचाच. अन् कुणी वाढवलाच न्हाई तर मंग एकदम, खटकन, तोडल्यावाणी: "तीनवार!" संपलं. तीनवार झाल्यावर ब्रह्मदेव आला तरी सौदा फिरायचा न्हाई.

ती नक्कल मी बोलायला शिकलो तवापासून करत होतो. न्हाणीत, चुलीपाशी, भाकरीची हर्रास, वांग्याची हर्रास. माय ज्वारीची भाकर तव्यावर टाकायची अन् मी ओरडायचो, "टेंभुर्णीचा माल, पांढरीशुभ्र, एकवार!" माय हसायची. आण्णा दारातून यायचे अन् म्हणायचे, "दोनवार लवकर केलास. थोडं धर." एवढीच त्यांची शिकवणी.

डॉक्टर आले, म्हणले लकवा आहे. उजवा हात गेला, पाय थोडा वाचला. अन् बोलणं सगळं गेलं, एक शब्द सोडून. जो शब्द शेवटी मला बोलले तोच तोंडात राह्यला. पाणी पाह्यजे? बराबर. नको? बराबर. दुखतंय का? बराबर. माय चार-आठ दिवस त्या बराबरच्या मागं धावली, कोणत्या बराबरचा काय अर्थ ते हुडकत बसली, मंग तिनं नाद सोडला. मऊ कण्या शिजवायच्या, ताक घालायचं, डाव्या हातात चमचा द्यायचा. घर एवढं गप झालं की जिनिंगचा भोंगा आमच्या स्वयंपाकघरात वाजल्यासारखा वाटायचा.

मला मात्र काहीच वाटंना. हे खरं सांगतो. मांडी घालून लय वेळ बसल्यावर पाय बधिर होतो, चिमटा घेतला तरी आपला वाटत न्हाई, तसा मी आख्खा झाल्तो. लोक भेटायला यायचे, बायका मायच्या गळ्यात पडायच्या, माझ्याकडं बघायच्या की हा आता रडंल. मी त्यांना डॉक्टरची नक्कल करून दाखवायचो. स्टेथास्कोप लावून डॉक्टर कसे छताकडं बघतात ते. आलेल्या बाया हसायच्या, अन् हसल्याबद्दल पदर तोंडाला लावायच्या. माझी नक्कल एवढी चांगली कधीच झाली नव्हती. आत मालक नसला की भाडेकरू लय मजेत राहतात.

वर्ग सुरू झाला. वर्षाची गोष्ट थत्तेसरांनी फळ्यावर लिहिली: आवाज. बस. तिघं सर खुर्च्या टाकून समोर बसायचे अन् आधी आपसातच भांडायचे. पिंपळेसरांनी आम्हाला गावात सोडलं, फेरीवाल्यांच्या आरोळ्या गोळा करून आणा म्हणले. पोरांनी वह्यांत लिहून आणल्या, मी तोंडात आणल्या. कल्हईवाला, बांगड्यावाली, दवंडीवाला, सगळे वर्गात हजर केले. पिंपळेसर म्हणाले, बघा, प्रत्येक जण शेवटचं अक्षर लांबवतो, ही आपल्या गाण्यातली जुनी खोड. हाशमीसर म्हणाले, "गाना-वाना कुछ नहीं, लंबी आवाज़ दूर जाती, छोटी गली में मर जाती." थत्तेसर म्हणाले, तुम्ही दोघेही विसरताय, डोक्यावर पाटी आहे, मानेवर ओझं आहे, श्वास तेवढाच सुटतो. मंग तिघं माझ्याकडं वळायचे, "कर रे परत एकदा." अन् मी परत बांगड्यावाली व्हायचो. ह्या बारीसारीक वादात एक तास कसा जायचा कळायचं न्हाई. पुढं आयुष्यात मी बऱ्याच सभा-समित्यांत बसलो, पण एवढ्या प्रेमानं भांडणारी मोठी माणसं परत बघायला मिळाली न्हाईत.

एकदा थत्तेसरांनी मला खाटकाकडं पाठवलं, बकऱ्याचं नरडं आण म्हणले. सर स्वतः कांदाबी मोजून खायचे, पण शास्त्रात त्यांना इटाळ नव्हता. खाटीक म्हणला, "नरडं? रस्सा करायचाय का?" मी म्हणलं, "न्हाई, शिकायचंय." तो म्हणला, "बकऱ्यापासून? आता काय बे बे शिकता का कॉलेजात?" कागदात गुंडाळून ओलंचिंब नरडं वर्गात आणलं. सरांनी खालच्या नळीत रबराची नळी बसवली, मला फुंकायला लावलं अन् स्वतः दोन बोटांनी वरचा भाग दाबला. आधी नुसती हवा फुसफुसली. मंग बोटं बराबर जागी पडली अन् त्या मेलेल्या बकऱ्याच्या नरड्यातून आवाज निघाला. घोगरा, लांब. पोरं ओरडली, पोरांत एक पोरगी होती ती बाहेर पळाली. मी फुंकत राह्यलो. दम संपला तवा सरांनी इचारलं, "काय समजलं?"

मी म्हणलं, "सर, नरडं चांगलं असलं की आवाज येतो."

"बरोबर."

"आमच्या आण्णांचं नरडं चांगलंय. डॉक्टरनी टॉर्च मारून बघितलं. मंग बोलणं कुठं गेलं?"

मी गंमत म्हणून इचारलं न्हाई, दुःखानंबी न्हाई. हिशेब लागत नव्हता म्हणून इचारलं. तिघं सर एकमेकांकडं बघत बसले अन् पहिल्यांदा भांडले न्हाईत. वर्गाचा नियम होता, ज्यानं त्यानं आपला एक प्रश्न धरायचा अन् वर्षाच्या शेवटी सगळ्या कॉलेजासमोर उभं राहून त्याचं उत्तर द्यायचं. थत्तेसरांनी खडू घेतला अन् माझ्या नावापुढं माझा प्रश्न लिहिला. "आण्णांचं बोलणं कुठं गेलं?" तसाच. फळ्यावर आण्णांचं नाव बघून मला वाटलं आता तरी काही होईल. काही झालं न्हाई. मी त्या खडूची नक्कल करून दाखवली, कर्रर्र.

दसरा झाला अन् चंपाशेठ घरी आले. बत्तासे घेऊन आल्ते. आण्णांच्या खाटेपाशी बसले, त्यांचा मेलेला हात हातात घेतला, अन् बोलले मात्र माझ्याशी. "बाळ्या, दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्ताचा सौदा आहे. नव्या मालाची पहिली हर्रास. अडतीवर बोलणारा पाह्यजे. दुसऱ्याला उभा केला तर खेड्यावरचा गडी गाडी दुसऱ्या ओट्यावर नेतो. त्यांना तुझ्या बापाचा आवाज पाह्यजे, अन् तो तुझ्या गळ्यात आहे. सारा बाजार जाणतो."

माय म्हणाली, "त्याचं कॉलेज आहे शेठजी."

"एक दिवसाचं न्हाई म्हणत वहिनी. सीझनभर. मंग पुढंबी. घरची जागा घरात राहील. परक्याला दिली की परत मागता येत न्हाई."

हे खरं होतं, अन् ते वाईट मनानं बोलत नव्हते. पण खिचडी वर्गाचा दुसरा नियम असा होता की हप्ताभर कुणी आला न्हाई तर त्याची जागा बाहेर ताटकळलेल्या पोराला जायची. एक पोरगा खरंच रोज दारापाशी उभा राहून ऐकायचा. म्हणजे ओटा धरला की वर्ग गेला, वर्ग धरला की ओटा. दोन्हीकडं एकाच वेळी जाता येत नव्हतं. मायनं आण्णांना इचारलं, "बाळ्याला ओट्यावर पाठवू?" आण्णा म्हणले, "बराबर." मंग तिनं इचारलं, "का कॉलेजातच ऱ्हाऊ देऊ?" आण्णा म्हणले, "बराबर." अन् त्यांनी स्वतःवरच चिडून डाव्या हातानं खाटेच्या पाटीवर बुक्की मारली.

वर्गात मी ही बातमी चंपाशेठच्या आवाजात सांगितली. पोरं हसली. थत्तेसर हसले न्हाईत. मला वाटलं शिक्षणाचं महत्त्व सांगतील. ते म्हणाले, "पाडव्याला आम्ही येऊ का? सगळा वर्ग. आवाजाचा अभ्यास आहे, मोंढ्याहून मोठी प्रयोगशाळा कोणती?" हाशमीसर म्हणाले, "मैं तो घड़ी लेके आऊँगा. वो दो और तीन के बीच की खामोशी नापनी है."

पाडव्याला सकाळी मायनं मला तेल-उटणं लावलं, अन् आण्णांचंच धोतर नेसवलं. धोतर मला पायात यायला लागलं. आण्णांना न्यायचं का न्हाई यावर कुणी काही बोललं न्हाई, पण करीमचाचा टांगा घेऊन दारात उभेच होते. करीमचाचा म्हणजे आण्णांचे जुने दोस्त, रोज पहाटे त्यांना टांग्यातून मोंढ्यात सोडायचे. "मुहूर्त का दिन है," ते मायला म्हणले, "इनकू घर में कैसे छोड़ना? घोड़ा बी नहीं मानेगा." दोघांनी मिळून आण्णांना टांग्यात बसवलं, मागं उशी दिली. टांगा कुंडलिकेच्या पुलावरून गेला तवा आण्णा डाव्या हातानं गाल चाचपत होते. मायनं ओळखलं. तिनं कनवटीतून ज्येष्ठमधाची काडी काढून त्यांच्या तोंडात ठेवली. एक मला दिली.

मोंढ्यात झेंडूच्या माळा, राशीवर हळद-कुंकू. वडीगोद्रीच्या एका शेतकऱ्याची बाजरी मुहूर्ताला धरल्ती. ओट्याच्या एका अंगाला माझा वर्ग उभा, हाशमीसरांच्या हातात खिशातलं घड्याळ. दुसऱ्या अंगाला टांगा, टांग्यात आण्णा, चाकापाशी माय. मी राशीमागं उभा राह्यलो अन् तोंड उघडलं.

ते मी न्हाई बोललो. कसं सांगू? आण्णाच उभे राह्यले. खांदा तसाच खाली, मान तशीच. गर्दीतली म्हातारी माणसं दचकली, एकानं टोपी काढली. भाव बोलले गेले, चढले, रेंगाळले. मी सूर लावला, "एकवार…" तो घरंगळत पार दुसऱ्या टोकाच्या अडतीपर्यंत गेला. "दोनवार…" तो वर चढला. ह्या वेळी मी लवकर केला न्हाई, थोडं धरलं. मंग थांबलो. कानामागं खाजवलं, शेतकऱ्याकडं बघितलं, ओठावरून जीभ फिरवली. नक्कल म्हणजे नक्कल, थांबणंबी आण्णांचंच. फक्त आण्णा थांबायचे तवा पुढं काय करायचं हे त्यांना ठाऊक असायचं. माझ्या आत काहीच नव्हतं. मी आख्खा बधिर, तोंड उघडं, अन् पुढचा शब्द येईचना. एक बैल मान लांब करून राशीतली बाजरी चाटून राह्यल्ता. मी त्या बैलाकडं बघत राह्यलो. एक खरीददार घाबरला अन् त्यानं भाव वाढवला. मी तसाच. दुसऱ्यानं वाढवला. चंपाशेठच्या कपाळावर घाम. कुणीतरी म्हणलं, "अरे, पोरगं अडकलं."

"तीनवार!"

खटकन. तोडल्यावाणी. स्वच्छ.

टांग्यातून आल्ता तो.

घोडा कान हलवून राह्यल्ता. मायचा हात चाकावर होता तो तसाच. ज्यानं शेवटचा भाव बोलल्ता तो खरीददार म्हणला, "कुणी म्हणलं? पोरानं का म्हाताऱ्यानं? हा सौदा धरायचा का?" चंपाशेठनी डोळे पुसले अन् ओरडले, "ज्याचा ओटा, त्याचं तीनवार! माल तुझा झाला, उचल!" मंग सगळी टांग्याकडं धावली. आण्णा बोलले, आण्णा बोलले! इचारायला लागले, कसं वाटतंय, आम्हाला ओळखता का. आण्णा सगळ्यांकडं बघत म्हणले, "बराबर. बराबर." गर्दी हिरमुसली. परत तेच.

थत्तेसर पायरीवर चढून आण्णांच्या तोंडासमोर गेले. हळूच म्हणाले, "एक." आण्णा म्हणाले, "दोन." सर गप बसले. आण्णा बोलत राह्यले, "तीन, चार, पाच, सहा…" थांबेचनात. घडाघडा, गाडी उतारावर लागल्यावाणी. पुण्याचा तो कोरडा माणूस पायरीवर उभा राहून माना डोलवत होता. नंतर वर्गात त्यांनी सांगितलं, ठरवून बोलायचं बोलणं वेगळं, अन् घोकून-घोकून अंगात मुरलेलं वेगळं, डोक्यातल्या एकाच कोठीत ती दोन्ही राहत नसावीत. हाशमीसर त्या दिवशी घड्याळ बघायला विसरले. पिंपळेसर म्हणाले, म्हणून आपल्या बायका जात्यावरची ओवी विसरत न्हाईत. तिघांची तीन उत्तरं जोडली तवा कुठं माझ्या प्रश्नाला एक ठिगळ लागलं. पण तिथं, मोंढ्यात, सगळी रडत असताना, मला वाटलं ते एवढंच की धोतर सुटून राह्यलंय.

घरी आलो. माय नेहमीसारखी चुलीपाशी बसली, भाकर थापता थापता म्हणाली, "मोजा की." आण्णा मोजायला लागले. ती ऐकत होती. देवळात बसून ऐकावं तशी ऐकत होती. पुढं पुढं आमच्या घरात तीच भाषा झाली. आण्णा आकड्यांतच बोलायचे. आमटी खारट झाली की सत्तावीस असा म्हणायचे की मायनं ताट उचलून घ्यावं, अन् संध्याकाळी ओसरीवर बसून शेहेचाळीस, सत्तेचाळीस एवढे हळू म्हणायचे की ती जवळ जाऊन बसायची. पुढं मी आवाजावर पुस्तकं लिहिली, पण हे आकडे कोणत्याच पुस्तकात घातले न्हाईत.

पण पाडव्याचा निकाल राह्यल्ता. चंपाशेठ संध्याकाळी येणार होते. मायनं परत इचारलं, परत बराबर आलं. तवा माझ्यातला मस्करीखोर जागा झाला. मी आण्णांच्या खाटेसमोर उभा राह्यलो, धोतर वर खोचलं अन् त्यांच्याच आवाजात सुरू केलं. "जालन्याचा माल! एक नग, नक्कलखोर, मार्क बेताचे! चंपाशेठच्या ओट्याला… एकवार… दोनवार…" अन् थांबलो. कानामागं खाजवलं. माय कालथा हातात धरून उभी. आण्णा भिंतीकडं बघत होते. मी धरलं, लय वेळ धरलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. तोंड गच्च. एक शब्द न्हाई, बराबरसुद्धा न्हाई.

मी परत सूर लावला. "थत्तेसरांच्या खिचडी वर्गाला… एकवार… दोनवार…"

मला थांबूच दिलं न्हाई. "तीनवार!" अन् डावा हात खाटेवर आपटला.

भाकर करपली, ती तशीच सगळ्यांनी खाल्ली. चंपाशेठ आले तवा मायनं सांगितलं, "सौदा झाला शेठजी. त्यांनीच केला." चंपाशेठ मोंढ्यातला माणूस, तीनवारच्या पुढं काय बोलणार? त्यांनी टेंभुर्णीहून आपला भाचा आणून ओट्यावर उभा केला. तो एकवार, दोनवार म्हणायचा, अन् राशीशेजारी खुर्चीत आण्णा. तीनवार त्यांचं. तो सीझन मोंढ्यात कुणी दुसऱ्या ओट्यावर गाडी नेली न्हाई. मी वर्गात जात राह्यलो, बांगड्यावाली होत राह्यलो.

होळीच्या थोडं आधी आण्णा गेले. झोपेतच. मी खांदा दिला, मडकं धरलं, दहावं केलं. तवाबी कोरडाच.

परीक्षेच्या आधी कॉलेजच्या मोठ्या गोदामात खिचडी वर्गाचा कार्यक्रम झाला. माय आल्ती, मागं बायकांत बसल्ती, करीमचाचा दारापाशी उभे. माझी पाळी आली. हाशमीसरांनी पाण्याची नळी अन् ठोकला की गुणगुणणारा चिमटा मांडून दिल्ता, थत्तेसरांनी मेंदूचं चित्र काढून दिल्तं, पिंपळेसरांनी सगळं एका सुरात बसवून दिल्तं. मी सांगितलं सगळं, माझ्या स्वतःच्या आवाजात. तो मला कसा तरीच वाटला, उसना आणल्यासारखा. शेवटी म्हणलं, आता प्रत्यक्ष ऐकवतो. मान खाली केली, खांदा सोडला. "एकवार…" घरंगळत गेला तो. "दोनवार…" थोडं धरलं. थांबलो. कानामागं खाजवलं. अन् सवयीनं दाराकडं बघितलं, टांग्याकडं.

सगळं गोदाम वाट बघत होतं. हाशमीसर हळूच म्हणाले, "बेटा, तीन?"

मी म्हणलं, "ते माझं न्हाई, सर."

अन् तिथं उभ्या-उभ्या, बधिर पाय जागा व्हायला लागला की कशा मुंग्या येतात, आधी बोटांत, मंग पोटरीत, मंग सोसवत न्हाई अशा, तशा मला सगळ्या अंगातून यायला लागल्या.

आता नातू शर्यत लावतात अन् म्हणतात, आजोबा, तुम्ही म्हणा. मी एक म्हणतो, दोन म्हणतो अन् थांबतो. पोरं चिडतात, ओरडतात, अन् शेवटी स्वतःच तीन म्हणून पळत सुटतात.